ताईच्या पाण्याची वही

२ फेब्रुवारी, रविवार

ताईला घरी आणलं. आपल्याच घरी राहायचं असा तिचा हट्ट होता, पण बुधवारी ती वाचनालयाच्या पायरीवर चक्कर येऊन बसली आणि तिथल्या बाईंनी मला फोन केला. त्यानंतर हट्टाचं काही चाललं नाही. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला तर वरचा आकडा एकशे अठ्ठ्याऐंशी. जुनी गोळी चालू ठेवून एक नवीन दिली, लघवीवाटे अंगातलं मीठ आणि पाणी बाहेर काढणारी. जेवणात मीठ कमी करा म्हणाले, पाणी पीत राहा म्हणाले, पंधरा दिवसांनी दाखवायला या म्हणाले.

ही वही त्यासाठीच घेतली. रक्तदाब, जेवण, पाणी, सगळं रोजच्या रोज लिहायचं. यांच्या वेळी मी काहीच लिहिलं नव्हतं. यांचा रक्तदाब किती आहे हे मला दवाखान्यात नेल्यावर कळलं, आणि तिसऱ्या दिवशी हे गेले. त्याला आता दोन वर्षं झाली. तेव्हा मी गाफील राहिले. या वेळी राहणार नाही.

ताई एकाहत्तर वर्षांची, मी सत्तावन्न. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि ती तेवीसची. माझ्या वेण्या, माझ्या परीक्षा, माझं लग्न, सगळं तिने निभावलं आणि स्वतःचं लग्न माझं होईपर्यंत मागे ठेवलं. आता माझी पाळी. खरं लिहायचं तर तिची बॅग रिकामी करून कपडे कपाटात लावताना मला फार बरं वाटत होतं. दोन वर्षांनी माझ्या गॅलरीत दुसऱ्या कुणाचा टॉवेल वाळतोय.

४ फेब्रुवारी, मंगळवार

अर्ध्या लिटरच्या सहा बाटल्या आणल्या. एक ते सहा आकडे चिकटवून ओळीने टेबलावर मांडल्या. मी शाळेत शिकवायला गेले की चार संपवायच्या, आल्यावर माझ्यासमोर दोन. तीन लिटर पाण्याने रक्त स्वच्छ राहतं, मूत्रपिंडं धुऊन निघतात. मधल्या सुट्टीत फोन करून कितवी चालू आहे ते विचारते.

ताई बाटल्यांकडे बघत म्हणाली, "पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच गं, बारके. घडा मी."

सत्तावन्नाव्या वर्षीही मी बारकीच.

मीठ तर मी सरळ बंदच केलं. डॉक्टर 'कमी' म्हणाले, पण कमी म्हटलं की चिमटीचं हळूहळू पुन्हा चमचाभर होतं. यांचं तसंच व्हायचं.

रक्तदाब १७०. पाणी ३ लिटर. मीठ नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

रक्तदाब १५४! उतरतोय.

ताई छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासत होती. अजून सकाळचं वर्तमानपत्र लाल पेन घेऊन वाचते. चूक सापडली की तिला वाघ मारल्याचा आनंद होतो. आज जेवताना सूपचा पहिला घोट घेतला आणि चमचा खाली ठेवला. म्हणाली, "ज्याचं मीठ खाल्लं त्याला आयुष्यभर जागले. आता मीठच नाही, तर झोपते." मी हसले, पण मीठ दिलं नाही. सूप अळणी असलं तरी पोटात जातंच.

भाचीचा फोन आला. ताईची ही एकुलती एक मुलगी, इथून आगगाडीने चार तासांवर राहते. आईला माझ्याकडे पाठव, असं पुन्हा म्हणाली. तू दिवसभर कचेरीत, तिथे तिच्याकडे कोण बघणार, असं मी म्हटलं. तूही दिवसभर शाळेतच असतेस मावशी, असं ती म्हणाली. मी म्हटलं, माझ्याकडे पद्धत आहे. वही आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ताईचं डोकं दुखतंय, मळमळतंय. अंगात पाणी कमी पडलं की डोकं दुखतं, हे आम्ही पोरांना सहावीत शिकवतो. एक बाटली जास्त दिली. साडेतीन लिटर.

१७ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरांकडे जाऊन आलो. रक्तदाब १३८. डॉक्टर माझ्यावर खूश झाले. वही पाहून म्हणाले, असे नातेवाईक सगळ्यांना मिळाले तर आमचं काम निम्मं होईल. पूर्ण वही त्यांनी वाचली नाही, फक्त रक्तदाबाचे आकडे पाहिले.

ताई डोकेदुखीबद्दल सांगायला लागली तेव्हा मीच मधे म्हटलं, उन्हाचं असेल. कशाला उगाच नवी गोळी मागे लावून घ्यायची? रक्त तपासून घ्या म्हणून त्यांनी चिठ्ठी लिहून दिलीय. ताईला सुईची भीती वाटते आणि या आठवड्यात माझ्या प्रात्यक्षिक परीक्षा आहेत. पुढच्या आठवड्यात बघू.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज मला राग आला, आणि तो लिहून ठेवायलाच हवा.

ताईचा चष्मा पुसून द्यावा म्हणून तिचं चष्म्याचं घर उघडलं, तर आत कागदाची पुडी. पुडीत मीठ. मी स्वयंपाकघरात नसताना डब्यातून घेतलेलं. रोज बोट बुडवून चाटते म्हणाली. मी शाळेतल्या पोरांशी बोलते त्या आवाजात तिच्याशी बोलले. तुझ्याच भल्यासाठी मी जिवाचं रान करतेय आणि तू पाठीमागे चोरी करतेस, असं काय काय बोलून गेले. ती खाली बघत होती. मग हळूच म्हणाली, "मन नाही गं मागत. अंग मागतं."

अंग मागतं म्हणे. यांचंही अंग मागायचं.

मिठाचा डबा माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली पर्समध्ये.

२३ फेब्रुवारी, रविवार

ताई चालताना भिंतीला हात लावते. दुपारभर झोपून असते. जेवण निम्म्यावर आलंय. रक्तदाब मात्र १३० आणि पाणी रोजचं साडेतीन लिटर. बाटल्या संपतात, ते काही चुकत नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज नववीला पेशीपटल शिकवलं. एकतीस वर्षं मी हा धडा घेतेय आणि अजून मला त्याचा कंटाळा आलेला नाही. कांद्याचा पातळ पापुद्रा काचपट्टीवर ठेवायचा आणि कडेने मिठाच्या पाण्याचा थेंब सोडायचा. पोरं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतात आणि एकदम गप्प होतात, कारण पेशीचा आतला भाग त्यांच्या डोळ्यांसमोर आक्रसत जातो. पाणी पटलातून बाहेर पडतं, जिकडे मीठ जास्त तिकडे. मग साधं पाणी सोडलं की पेशी पुन्हा भरून येतात.

एका मुलीने विचारलं, साधं पाणी सोडतच राहिलो तर पेशी फुटेल का? चांगला प्रश्न होता. मी म्हटलं, कांद्याची नाही फुटणार, तिला बाहेरून भक्कम भिंत असते. आपल्या पेशींना भिंत नसते, नुसतं पटल असतं. त्या फुगत जातील. "मग आपण पाणी प्यायल्यावर का फुगत नाही?" आपल्या रक्तात मीठ असतं म्हणून, असं मी सांगितलं. आत आणि बाहेर तोल असतो. सगळी गंमत त्या तोलाची आहे.

तास फार छान झाला. त्याच खुशीत घरी आले, तर चौथी बाटली अजून भरलेली. ताईला उठवून बसवलं आणि पाजली. पाचवी आणि सहावीही पाजली.

वर्तमानपत्र तसंच पडलंय. लाल पेनाने पहिल्याच मथळ्यातल्या एका शब्दाखाली रेघ मारलीय. तो शब्द बरोबर आहे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

संध्याकाळी ताई म्हणाली, "आईला जेवायला हाक मार."

थोड्या वेळाने तिला स्वतःलाच कळलं असावं, कारण ती माझ्याकडे बघून ओशाळं हसली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

तर हे असं आहे. विसरभोळेपणाचा तो आजार. शेजारच्या बाईंच्या सासऱ्यांचं असंच सुरू झालं होतं. मी भाचीला फोन केला. ती घाबरली, मी उद्या निघते म्हणाली. मी नको म्हटलं. वयाचं आहे, हळूहळू वाढत जाणारं आहे, तू येऊन काय करणार? रक्त तपासलं का, असं तिने विचारलं. हो म्हटलं.

हे मी का केलं? ती आली की आईला घेऊन जाईल, म्हणून. दुसरं काही कारण नाही.

२ मार्च, रविवार

सकाळी दोनदा उलटी. उलटीने अंगातलं पाणी जातं, म्हणून घोट घोट करत चार लिटरपर्यंत नेलं. ती बिचारी नाही म्हणत नाही. बाटली तोंडाशी नेली की पिते.

उद्या रक्त तपासायला नेईन. उद्या मात्र नक्की.

४ मार्च, मंगळवार

ताई दवाखान्यात. लिहवत नाही.

५ मार्च, बुधवार

वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. सगळं लिहायला हवं, माझा खोटेपणाही.

सोमवारीही तिला रक्त तपासायला नेलं नव्हतं. काल सकाळी मी शाळेला निघण्याच्या तयारीत होते. ताई खुर्चीवर होती. तिचा हात झटके देऊ लागला, मग मान, मग सगळं अंग. डोळे वर गेले, दात घट्ट मिटले. किती वेळ चाललं ते मला सांगता येणार नाही, आणि मी तर सगळं मोजणारी बाई. शेजारच्यांनी गाडी काढली.

इथे पोचल्यावर रक्त घेतलं आणि अर्ध्या तासात वॉर्डाच्या डॉक्टरबाई बाहेर आल्या. माझ्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींच्या वयाच्या असतील. म्हणाल्या, "रक्तातलं सोडियम एकशे आठ आहे. एकशे पस्तिसाच्या खाली जाऊ नये. रक्तात मीठ उरलं नाही, म्हणून पाणी मेंदूच्या पेशींमध्ये शिरलंय. पेशी फुगल्यात आणि कवटी तर मोठी होत नाही."

त्या पुढे समजावत होत्या, पण मला समजावायची गरजच नव्हती. मागच्या मंगळवारचा माझा तास मीच पुन्हा ऐकत होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. कोरडी मी राहिले. पाणी सगळं तिच्या डोक्यात.

मग त्यांनी विचारलं, हे किती दिवसांपासून चाललंय? मी म्हटलं, दोन दिवस. उलट्या झाल्या तेव्हापासून.

पाणी किती पितात? "चारचौघांसारखं," मी म्हटलं.

मीठ? डॉक्टरांनी कमी करायला सांगितलंय.

त्यांनी लिहून घेतलं. झटके थांबावेत म्हणून तीव्र मिठाच्या पाण्याची छोटी बाटली शिरेतून दिली होती, आणि झटके थांबलेही होते. आत जाता जाता त्या नर्सला म्हणाल्या, दोनच दिवसांचं दिसतंय, लवकर वर आणता येईल. ते वाक्य माझ्या कानांवरून गेलं, त्याचा अर्थ मात्र लागला नाही.

ताईचे कपडे आणायला म्हणून दुपारी घरी गेले. टेबलावर सहा बाटल्या ओळीने उभ्या होत्या. मी सकाळीच भरून ठेवलेल्या. मी चप्पल न काढता खुर्चीत बसले आणि ही वही पहिल्यापासून वाचली. तेरा तारखेची डोकेदुखी. वीस तारखेची पुडी. पंचवीसचा तास. अंग मागतं, असं ती म्हणाली होती, आणि ते मी माझ्या हाताने लिहून ठेवलं होतं. कुणीही नववीतलं पोर ही वही वाचून काय चाललंय ते सांगू शकलं असतं.

ही वही जाळून टाकावी, असंही मनात आलं. हेही लिहून ठेवते. कुणाला काय कळणार होतं? म्हातारं माणूस, उलट्या झाल्या, सोडियम उतरलं.

मग 'दोनच दिवसांचं दिसतंय' हे वाक्य पुन्हा आठवलं. दोन दिवसांचं असलं काय आणि महिन्याचं असलं काय, त्याने काय फरक पडतो, ते मला माहीत नव्हतं. पण त्या फरकावर ताईचं औषध ठरणार होतं, एवढं कळलं. कपडे तसेच राहिले. वही घेऊन मी परत आले.

डॉक्टरबाई व्हरांड्यात सापडल्या. मी म्हटलं, "मी तुम्हाला खोटं सांगितलं. हे महिनाभर चाललंय, आणि मी केलंय. यात सगळं लिहिलंय."

त्यांनी तिथेच उभ्याने वाचलं. मधे एकदा बोट ठेवून विचारलं, ही तारीख बरोबर आहे? मी हो म्हटलं. वीस तारखेच्या पानावर त्या जरा थांबल्या. माझ्याकडे बघितलं नाही. वही हातात घेऊनच झपाझप आत गेल्या आणि ताईच्या शिरेतलं सलाइन त्यांनी तिथल्या तिथे बंद करायला लावलं.

बाहेर आल्यावर त्या माझ्याशेजारी बाकावर बसल्या. म्हणाल्या, "काकू, पाणी हळूहळू वाढत गेलं की पेशी जुळवून घेतात. जास्त फुगू नये म्हणून त्या आपल्याच आतलं काही काही बाहेर टाकतात. यांच्या पेशींनी महिनाभर तेच केलं, म्हणून त्या इतके दिवस टिकल्या. आता रक्तात मीठ एकदम वाढवलं तर त्यांच्यातलं पाणी ओढलं जाईल आणि त्या आक्रसतील. टाकलेलं परत भरून घ्यायला त्यांना दिवस लागतात."

"आणि तेवढे दिवस नाही दिले तर?"

"मेंदूतल्या तंतूंवरचं वेष्टण तुटतं. माणूस शुद्धीवर येतं, बोलतं, आपल्याला वाटतं सुटलो. आणि चार-सहा दिवसांनी बोलणं जातं, गिळणं जातं." मग त्या म्हणाल्या, "वही आणलीत ते बरं केलंत."

त्या मला रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

६ मार्च, गुरुवार

काल सकाळचा आकडा एकशे अठरा. मला तर हर्षच झाला. डॉक्टरबाईंचा चेहरा मात्र उतरला. दिवसात आठाच्या वर जाऊ द्यायचं नव्हतं, दहा झाले. पाणी पाजणं थांबलं आणि ती गोळी बंद झाली, तसं शरीर साठलेलं पाणी आपणहून भराभर बाहेर टाकायला लागलं. पलंगाला लावलेली लघवीची पिशवी तासातासाला भरत होती, लघवी पाण्यासारखी नितळ.

मग त्यांनी लघवी रोखणारं इंजेक्शन दिलं आणि शिरेतून साखरेचं पाणी सुरू केलं. पाणी. मी ते थेंब पडताना पाहिले आणि मला उठून बाहेर जावं लागलं. नर्स पाठोपाठ आली आणि म्हणाली, घाबरू नका, हे परतीच्या वाटेवर ब्रेक लावण्यासाठी आहे. संध्याकाळी आकडा एकशे पंधरावर आणला.

काल दुपारी भाची आली. तिला मी आधी काही सांगितलं नाही, फक्त वही दिली. तिने खिडकीशी उभं राहून वाचली. बराच वेळ लागला तिला. रक्त तपासल्याचं खोटं मी तिला सांगितलं होतं, तेही त्यात होतं, आणि का सांगितलं तेही. वही परत देताना ती एवढंच म्हणाली, "मावशी, तू आता घरी जा. आज मला तुझ्याशी बोलता येणार नाही."

मी घरी गेले नाही. खाली बाकावर बसून राहिले. पण तिच्या डोळ्यांसमोर गेले नाही.

९ मार्च, रविवार

आकडा एकशे सव्वीस. ताई डोळे उघडते, पाहते, ओळखते. भाचीला नावाने हाक मारली. मला पाहून म्हणाली, "शाळा नाही का आज?" रविवार आहे म्हटलं. पटलं तिला.

मला आनंद व्हायला हवा. पण डॉक्टरबाईंनी चार-सहा दिवस म्हटलंय. मी तिचं बोलणं कान देऊन ऐकते. एखादा शब्द अडखळला की तिला तो पुन्हा म्हणायला लावते. तिने पेज गिळली की मी तिच्या गळ्याकडे बघत बसते. काल ती म्हणाली, "अशी काय टक लावून बघतेस, मी काय सिनेमा आहे?" आणि मला रडू फुटलं.

भाची आता माझ्याशी कामापुरतं बोलते. थर्मास भरून आणतेस का, तू बस, मी जेवून येते, एवढंच. तेही खूप आहे.

१२ मार्च, बुधवार

आठवडा उलटला. आज डॉक्टरबाईंनी ताईला हात वर करायला लावले, जीभ बाहेर काढायला लावली, व्हरांड्यात चालवलं, उलटे आकडे म्हणायला लावले. ताई शंभरपासून सात सात वजा करत अठ्ठावन्नपर्यंत आली आणि म्हणाली, "आता पुढचे तुम्ही म्हणा." डॉक्टरबाई पहिल्यांदा हसल्या. धोका टळला म्हणाल्या.

उजवा हात किंचित कापतो. तो कदाचित राहील, कदाचित जाईल.

१५ मार्च, शनिवार

ताईला काल घरी आणलं. नवी गोळी वेगळी आहे, जेवणात मीठ बेताचं, आणि पाणी तहान लागेल तेव्हा.

आज भाची औषधं आणायला बाहेर गेली होती. मी ताईजवळ बसले आणि सगळं सांगितलं. बाटल्यांचं, तपासणी टाळल्याचं, डॉक्टरबाईंना सांगितलेल्या खोट्याचं. मान वर करून सांगायचं ठरवलं होतं, पण पुडीपर्यंत आले तेव्हा मान आपोआप खाली गेली.

ताई चादरीच्या सुरकुत्या सरळ करत होती. मग म्हणाली, "पाणी जास्त होतंय ते मला कळत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू शाळेतून आलीस की तुझी पहिली नजर बाटल्यांकडे जायची. रिकाम्या दिसल्या की तुझा चेहरा फुलायचा. तुझा नवरा गेल्यापासून तसा चेहरा मी बघितला नव्हता." तिने माझा हात धरला. तिचा हात कापत होता. "एकदोनदा बेसिनमध्ये ओतलं. मग फसवल्यासारखं वाटलं तुला. म्हणून प्यायले."

मी दुसरा हात तिच्या हातावर ठेवला.

मग ती म्हणाली, "मी लेकीकडे जाते आता. रागावून नाही गं. इथे राहिले तर तू पुन्हा माझं काहीतरी मोजत बसशील, आणि मी पुन्हा तुला मोजू देईन. दोघींचीही खोड जाणार नाही."

मी नको म्हटलं नाही. म्हणावंसं फार वाटलं.

२२ मार्च, शनिवार

ताई गेली. स्टेशनवर भाचीने सामान चढवलं, मग खाली उतरून माझ्याजवळ आली. म्हणाली, "मावशी, मी अजून रागावलेली आहे. पण ती वही तू जाळली नाहीस." तिने माझा खांदा दाबला आणि गाडीत चढली.

ताई खिडकीतून हात हलवत होती. मी गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिले आणि मग पायीच घरी आले.

३० मार्च, रविवार

सकाळपासून पेपर तपासतेय. आठवडाभर घरात माझ्याखेरीज कुणाचा आवाज नाही. या वहीत लिहिण्यासारखंही काही राहिलं नाही, रक्तदाब नाही, आकडे नाहीत. पण आजचं लिहिते.

दोन वाजता ताईचा फोन आला. तिकडचं सांगितलं. भाचीच्या घराचा जिना उंच आहे, पण ती दिवसातून दोनदा उतरते-चढते. हात कमी कापतो. मग तिने विचारलं, "तू जेवलीस?"

दोन वर्षं हा प्रश्न मला कुणीही विचारला की मी हो म्हणते. सवयच झाली आहे. आजही तोंडाशी आलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "कालही नीट नाही जेवले."

ती रागावली नाही. घरात काय आहे ते विचारलं. ब्रेड आहे, दोन अंडी आहेत, एक टोमॅटो आहे. "ऊठ," ती म्हणाली. "फोन ठेवू नकोस, ओट्यावर ठेव."

मी उठले. तवा ठेवला. ती मधे मधे विचारत होती, झालं का, करपवू नकोस. मी ताट घेऊन टेबलाशी बसले आणि जेवायला लागले. आम्ही फारसं बोललो नाही. तिकडे कुणीतरी दार वाजवलं. थांबा जरा, असं ती मोठ्याने म्हणाली, आणि माझा शेवटचा घास होईपर्यंत जागची उठली नाही.